मजुरीत न धरलेली वेदना

नवी पेठेत बाजारहाटाला आलेली सोलापूरची विडी कामगार स्त्री जाता जाता औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेते, तेव्हा आपल्या मजुरीचा एक अंश ती उत्पादन खर्चापोटीच भरत असते. हा खर्च कारखानदाराच्या हिशेबवहीत कोठेही आढळत नाही.

तेंदूची पाने कात्रीने कापणे, तंबाखू भरून ती वळणे, दोरा गुंडाळणे, हे सारे बोटांचे आणि मनगटाचे काम. मजुरी हजार विड्यांमागे. हात थांबला की मजुरी थांबली. मनगटात हाडे आणि एक जाड बंध यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे हलविणाऱ्या कंडरांसोबत एक मज्जातंतूही जातो. कंडरांची आवरणे सुजली की तो दबतो. अंगठा व शेजारच्या बोटांत मुंग्या येतात, रात्री झोप मोडते, हात झटकावा लागतो. मनगटाचे प्रत्येक दुखणे या जातीचे नसते, हे खरे. परंतु मधुमेह जडलेल्या स्त्रीला हा धोका अधिक, कारण मधुमेह स्वतंत्रपणेही मज्जातंतूंना इजा करतो.

दुर्लक्ष झाल्यास दुखण्याचे स्वरूपच पालटते. इजा झालेला तंतू कारणावाचून संदेश धाडू लागतो. मज्जारज्जू ते संदेश वाढवून मेंदूकडे पोचवितो. मग पदराचा स्पर्शही झोंबतो. येथे नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा उपयोगी पडत नाहीत. चिवट झालेल्या अशा वेदनेवर अमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटीन, प्रीगाबॅलीन ही औषधे दिली जातात. त्यांपैकी काही मूळची नैराश्यावरील, काही अपस्मारावरील. ‘ही तर वेडाची गोळी’ असे कोणी सांगितले की रुग्ण ती सोडून देते! गुण येण्यास काही आठवडे लागतात, हे तिला आरंभीच समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग होय.

त्याआधीचा उपाय मात्र साधा आहे: रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, विश्रांती, क्वचित इंजेक्शन, आणि त्यानेही न भागल्यास तो बंध कापून तंतू मोकळा करणारी लहानशी शस्त्रक्रिया. पण विश्रांती कोणाच्या पैशाने?

1976 च्या कायद्याने विडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला; त्याला पैसा पुरविणारा उपकर 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर संपला. 2006 मध्ये कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांना दहा हजार घरे मिळाली, ही चळवळीची मोठीच कमाई. पण त्या घरांतही हात तेच काम करतात. शस्त्रक्रियेनंतर हात बांधलेला असतो, त्या आठवड्यांची भरपाई मजुरीच्या पुढील वाटाघाटीत मागितली गेली पाहिजे.