दुकानाच्या संगणकाचे कुलूप : उघडणे आणि लावणे

पुंडलिकनगरसारख्या वस्तीत किराणा वा औषधाच्या दुकानाचे बिल आता संगणकावर निघते. गल्ल्यावर सकाळी मालक बसतो, दुपारी भाऊ, संध्याकाळी नोकर. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असतो, निदान असावा. तो तपासण्याचे काम बिलाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुणांनी स्वतःच्या डोक्याने करू नये, असा आमचा आग्रह आहे. त्यासाठी तयार लायब्ररी, म्हणजे जाणकारांनी लिहून पारखलेला प्रोग्रामसंच, मिळतो. लिनक्सवर त्याचे नाव पॅम. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतील विपिन समर व चार्ली लाय यांनी १९९५ साली त्याचा आराखडा मांडला. (विंडोजची पद्धत वेगळी आहे.)

पॅमशी व्यवहार ‘पॅम स्टार्ट’ने सुरू होतो. प्रोग्राम आपले नाव सांगतो, आणि पासवर्ड विचारण्याचे काम आपला कोणता भाग करील तेही सांगतो. नावावरून पॅम नियमांची फाइल शोधते. त्या नावाची फाइल नसेल तर ‘अदर’ नावाच्या फाइलचे नियम लागतात. म्हणून त्या फाइलीत सरळ मनाई लिहिलेली बरी. बदल्यात प्रोग्रामला एक हँडल मिळते. सामानघरातला बिल्लाच समजा. पुढच्या प्रत्येक कामाला तो दाखवावा लागतो.

येथवर कोणाचीही ओळख पटलेली नसते, हे नवशिके विसरतात. पासवर्ड तपासते ते ‘पॅम ऑथेंटिकेट’. त्यानंतर खाते अजून चालू आहे काय, हे पाहणारी दुसरी तपासणी असते. ती गाळली तर काय होते? नोकर काम सोडून जातो, मालक त्याच्या खात्याची मुदत संपवतो आणि निश्चिंत होतो. पण पासवर्ड जुनाच असल्याने प्रोग्राम त्याला आत घेतो. उधारीची वही म्हणजे गिऱ्हाइकांची अमानत. ती अशी उघडी पडते.

शेवट ‘पॅम एंड’ने करायचा. त्याला बिल्ला आणि शेवटच्या कामाचा निकाल द्यावा लागतो. निकाल पाहून पॅमचे निरनिराळे भाग आपापली माहिती आवरतात व मेमरी मोकळी करतात. त्यानंतर बिल्ला बाद. तो पुन्हा वापरला तर प्रोग्राम कोसळू शकतो. सत्र उघडले असेल तर ते आधी वेगळे बंद करावे. ‘पॅम एंड’ ते आपणहून करीत नाही.

चूक बहुधा होते ती पासवर्ड चुकल्यावर. प्रोग्राम ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतो, नवे ‘पॅम स्टार्ट’ करतो आणि जुने तसेच सोडतो. दिवसभर चालणाऱ्या प्रोग्रामात प्रत्येक चुकीमागे थोडी मेमरी अडकून राहते. ओळख पटो वा न पटो, प्रत्येक वाटेवर ‘पॅम एंड’ हवेच.

जुम्याच्या नमाजासाठी गल्ल्यावरून उठताना पडदा मात्र पॅम लावणार नाही. ती सोय बिलाच्या प्रोग्रामातच मागून घ्यावी. प्रोग्राम विकत घेणाऱ्यांनी पैसे चुकते करण्याआधी एक खाते मुदत संपलेले करून त्याच्या खऱ्या पासवर्डने आत शिरून पाहावे.