अमेंदुईं की अमेंदुआ? दाण्याची ॲलर्जी पोर्तुगीजमध्ये सांगताना

आजचा भाग माझ्या भाचीमुळे सुचला. ती नाशिकची, आणि तिला शेंगदाण्याची ॲलर्जी. आता आपल्याकडे दाण्याचा कूट कशात नसतो सांगा! साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी... लहानपणी एका लग्नात दोन घास कोशिंबीर खाल्ली आणि तिचे ओठ सुजले, श्वास लागला. तेव्हापासून अख्ख्या नात्यात सगळ्यांना हे पाठ आहे.

पण ती शिकायला पोर्तुगालला निघाली. तिथे कोणाला पाठ असणार? वेटरला इंग्रजी येईलही, पण कढई ज्याच्या हातात आहे त्याला येईलच असं नाही. म्हणून मी तिला एक चिठ्ठी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन, "मावशी, तू लिहिलेल्या शब्दाचे फोटो शोधले. सगळे बदामाचे आलेत गं!"

घोळ असा झाला होता. शेंगदाणा म्हणजे 'अमेंदुईं', जोर शेवटच्या 'ईं'वर. बदाम म्हणजे 'अमेंदुआ', जोर 'में'वर. ओळखायची खूण सोपी आहे: रोमन लिपीत शेंगदाण्याच्या शब्दाच्या शेवटी 'एम' असतो, बदामाच्या शेवटी 'ए'. माझ्या चिठ्ठीवर विसंबून ती राहिली असती, तर स्वयंपाक्याने बदाम काढून दाणे तसेच ठेवले असते.

मग नवीन चिठ्ठी केली. त्यात तीन वाक्यं.

पहिलं: "सो अलेर्झिका आ अमेंदुईं." मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. बोलणारा पुरुष असेल तर 'अलेर्झिकु'.

दुसरं: "नाउं पोसु कुमेर, नैं उं बुकादीन्यु." मी खाऊ शकत नाही, अगदी थोडंसंही नाही. हे महत्त्वाचं, कारण 'थोडंसं चालेल' असं समोरच्याला वाटणं हाच खरा धोका.

तिसरं: "इश्तु तैं अमेंदुईं?" यात शेंगदाणे आहेत का?

काजूची ॲलर्जी असणाऱ्यांना जरा सोपं आहे. पाव, बटाटा, चावी यांच्यासारखाच काजू हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आला. तिथे फक्त 'काझू' म्हणायचं.

आणखी एक. युरोपीय संघाच्या 2011 च्या नियमानुसार 14 ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते, हॉटेलातसुद्धा. पाकिटावर ती नावं ठळक किंवा वेगळ्या प्रकारे उठून दिसतील अशी छापतात. त्या यादीत शेंगदाणा वेगळा आणि बदाम-काजू-अक्रोडाचा गट वेगळा आहे, कारण शेंगदाणा मुळात शेंगवर्गातला, आपल्या हरभरा-वाटाण्याच्या भावकीतला. पाकिटावर 'वेश्तीझियुश' दिसलं, तर त्याचा अर्थ अंश. 'यात दाण्याचे अंश असू शकतात' असं लिहिलं असेल तर पाकीट परत ठेवायचं.

चिठ्ठी कितीही चांगली असली तरी डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन पर्समध्ये हवंच. श्वास लागला, घसा आवळला, तर आधी ते घ्यायचं. नुसत्या ॲलर्जीच्या गोळीवर थांबायचं नाही. मग 112 फिरवायचा. हा नंबर तिथेही तोच आहे.

भाचीने चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवली आहे. तुम्हीही करणार असाल, तर एकच सांगते: आधी शब्दाचा फोटो शोधून बघा. माझ्यासारखी घाई नको. भेटू पुढच्या भागात!