तीन लसपुस्तिका

रेशनकार्डाच्या पिशवीत आमच्याकडे तीन पातळ पुस्तिका आहेत. कोपरे कुरतडलेली मोत्याची, जाड पुठ्ठ्याची शेरूची आणि अजून चालू असलेली बिजलीची. मागच्या आठवड्यात बिजलीच्या रेबीजच्या डोसची तारीख बघायला पिशवी उघडली आणि तिन्ही मांडीवर घेऊन बसले. कुपीवरून काढून चिकटवलेली लेबलं, डॉक्टरांची न वाचता येणारी अक्षरं, वजनाचे आकडे. वीस-बावीस वर्षं त्यात मावली आहेत.

मोत्याला आम्ही आणलं नव्हतं. २००२ साली तो वडाळे तलावाकडून सासऱ्यांच्या मागे मागे जुन्या पनवेलातल्या घरापर्यंत आला आणि ओट्यावर बसला तो बसलाच. दिवसा गल्लीभर उंडारायचं, रात्री ओट्यावर राखण, दोन वेळा उरलासुरला वरणभात. यालाच आम्ही कुत्रं पाळणं म्हणत होतो. त्याच्या पुस्तिकेतली पहिली नोंद मात्र २००४ ची आहे. शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या घरचं कुत्रं दोन वर्षं लसीवाचून फिरत होतं. लाज वाटते, पण नोंद तशीच आहे.

ती लसही शहाणपणाने नाही, भीतीने टोचली. गल्लीतल्या एका मुलाची पोटरी मोत्याने धरली. दोष मोत्याचा म्हणावा तर तो जेवत असताना मुलाने शेपूट ओढलं होतं. मोठ्यांनी जखमेत आधी लाल तिखट भरलं, वर चुना लावला. "आता पोटात चौदा इंजेक्शनं" हे कानावर पडताच मुलगा पलंगाखाली. ती चौदा खरीच होती, फक्त तोवर जुनी झाली होती. कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये बनवलेली ती लस मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून तयार व्हायची. मात्रा मोठी, रोज टोचायची, म्हणून ऐसपैस कातडीचं पोट. मेंदूच्या ऊतींमुळे क्वचित लकव्यासारखे त्रासही व्हायचे. २००४-०५ च्या सुमारास तिचा वापर आपल्याकडे थांबला. या मुलाला दंडात पाच सुया मिळाल्या आणि पाचव्या वेळी तो एकटा गेला.

त्याच आठवड्यात आमच्या ओट्यावर पहिला 'वर्ग' भरला. साबण हा विषय. मुलांच्या हाताला खोबरेल चोळलं. एक हात नुसत्या पाण्याने धुवायचा, दुसरा साबणाने. मग सांगितलं की रेबीजच्या विषाणूला वरून चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो, आणि आवरण गेलं की विषाणू कामातून गेला. तिखट आणि चुन्याने विषाणू धुऊन निघत नाही, जखम तेवढी पोळते. हा विषाणू रक्तातून धावत नाही, मज्जातंतूंतून हळूहळू मेंदूकडे चढतो, म्हणून लसीला वेळ मिळतो. चेहऱ्याला चावलं तर वाट छोटी, म्हणून घाई जास्त. एकदा लक्षणं दिसली की मात्र उपाय जवळजवळ उरत नाही. वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून धुऊन पाहिलं, तेव्हा पंधरा मिनिटं किती लांब असतात हे मलाही पहिल्यांदाच कळलं. मार्च २०२० मध्ये सगळा देश हात धुऊ लागला, तेव्हा त्या पलंगाखालच्या मुलाचा पुण्याहून निरोप आला: "काकू, मोत्याचाच साबण ना हा?" करोनाच्या विषाणूलाही तसंच चरबीचं आवरण.

मोत्या २०१२ च्या सुरुवातीला गेला. तोवर आम्ही नवीन पनवेलात फ्लॅटमध्ये आलो होतो आणि लेकीच्या हट्टापायी शेरू आला. लॅब्राडोर. थंडगार न्यूफाउंडलंडच्या पाण्यातल्या कुत्र्यांचा वंशज पनवेलच्या मे महिन्यात आणायचा, हा निर्णय आज घेतला नसता. त्याच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर सोसायटीतल्या मुलांनी घेतलेल्या तापमानाच्या नोंदी आहेत. १०१.५, १०२, १०१.८. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं शेरूला ताप आहे. कुत्र्याचं ते नेहमीचं तापमान आहे, हे पटायला डॉक्टरांची सही लागली. घामाच्या ग्रंथी असून नसल्यासारख्या, त्याही पंजात. म्हणून जीभ बाहेर काढून धापायचं आणि ओलावा उडवून अंग थंड करायचं. हे दाखवायला एक ओला रुमाल पंख्याखाली, दुसरा बंद पिशवीत ठेवला. पिशवीतला संध्याकाळपर्यंत ओलाच. दमट हवेत शेरूची गत त्या पिशवीतल्या रुमालासारखी होते, एवढं मुलांनीच काढलं. मग डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघायची. पाच-सात सेकंद सोसवली नाही तर फिरायला जायचं नाही.

शी उचलण्यावरून सोसायटीत झालेली भांडणं इथे लिहीत नाही. "मातीत मिसळेल, खतच आहे की" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगत असे की हे शेण नव्हे. जंतांची अंडी मातीत महिनोन्महिने टिकतात आणि त्याच मातीत आपली पोरं खेळतात. रद्दीचा कागद खिशात ठेवायला लोकांना दोन पावसाळे लागले.

शेरूचा सगळ्यात गाजलेला प्रयोग चेंडूंचा. हिरवळीवर लाल चेंडू टाकला की तो हुंगत फिरायचा. निळा टाकला की थेट झेपावायचा. कुत्र्यांच्या डोळ्यांत निळा आणि पिवळा ओळखणाऱ्या पेशी असतात, लाल-हिरव्यातला फरक कुत्र्यांना नीट कळत नाही. दुकानात कुत्र्यांसाठी लाल चेंडूही मिळतात, ते आपल्याला आवडतात म्हणून.

आणि ऑगस्ट २०१७ मध्ये आमच्याच तालुक्यात, तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री फिरू लागली. फोटो जगभर गेले. मुलांना आधी पंचतंत्रातला रंगाऱ्याच्या पिंपात पडलेला निळा कोल्हा आठवला आणि ती हसली. मग एकीने विचारलं, "त्यांना स्वतःचं अंग निळं दिसत असेल ना? निळं तर दिसतं त्यांना." हसू थांबलं. पहिल्या बातम्यांत कासाडी नदीच्या पाण्याने कुत्री रंगल्याचं होतं. पुढे कळलं की खाणं शोधत ती एका कारखान्याच्या आवारात जात आणि तिथला रंग अंगाला लागे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. कासाडीची दशा वाईट होतीच, पण पुरावा आणि अंदाज यांत फरक करायला मुलं त्या आठवड्यात शिकली. मला तो फरक फळ्यावर इतका नीट कधी समजावता आला नव्हता.

शेपटाचं मात्र आमचं फसलं. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं होतं की मालक दिसला की कुत्र्याचं शेपूट त्याच्या उजवीकडे जास्त झुकतं आणि अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. मोबाइलवर संथ चित्रण करून आम्ही बसलो. निम्मी मुलं शेरूची उजवी की आपली उजवी यातच भांडली, आणि शेरूला तर सगळेच मालक. पण पाहता पाहता मुलांना इतर खुणा कळल्या: ताठ अंग, डोळ्यांचा पांढरा भाग, ओठ चाटणं, उगाच दिलेली जांभई. 'भुंकणारं कुत्रं चावत नाही' ही म्हण आमच्या इमारतीतून तेव्हापासून बाद झाली.

बिजली २०२१ ची. आमच्याच तळघरातलं गावठी पिल्लू. तिच्या पुस्तिकेत वेळेवर न झालेलं काहीच नाही. नसबंदीचं पान आहे, महापालिकेच्या परवान्याची प्रत खोचलेली आहे. (पनवेलची नगरपालिका १८५२ ची, महापालिका २०१६ ची, परवाना काढायला मी मध्ये किती वर्षं घालवली ते विचारू नका.) बिजली दोरीशिवाय जिना उतरत नाही. मोत्याला जन्मभर दोरी माहीत नव्हती.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि अकरा दिवसांत बदलला, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडले. मी वाद घातला नाही. रविवारी गच्चीवर वीस मुलं गोळा केली, चेंडू पुढे द्यायचा खेळ मांडला. चेंडू म्हणजे विषाणू. हाताला रुमाल बांधलेल्याने तो पुढे द्यायचा नाही. पाच जणांना रुमाल बांधले तेव्हा चेंडू जवळजवळ सगळीकडे पोहोचला. चौदांना बांधले तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या हातातच अडला. वीसात चौदा म्हणजे सत्तर टक्के. इतक्या कुत्र्यांना लस टोचली तर रेबीजची साखळी तुटते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कठड्याशी उभे असलेले दोन्ही तटांचे पालक बघत होते. एकाने विचारलं, "आणि घरातली पाळलेली कुत्री यात मोजायची का?" त्याच्या स्वतःच्या कुत्र्याची पुस्तिका कोरी होती, हे नंतर कळलं. आता नाही.

परवा रात्री साडेनऊला खालच्या मजल्यावरच्या मुलाचा फोन आला. स्टेशनबाहेर कुत्र्याने नख मारलं होतं. "काकू, रक्त नाही आलं, नुसतं खरचटलंय. तरी जाऊ?"

"नळाखाली पाय धर. साबण घे. मी घड्याळ बघते."

पंधरा मिनिटं तो फोन चालू ठेवून धूत होता. मग आम्ही रिक्षाने उपजिल्हा रुग्णालयात गेलो.