कड्यावरची शिंदळमाकुडी

एखादी वनस्पती रोपवाटिकेत सहज मिळू लागली की तिच्यावरचे संकट टळले, असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु ‘संकटग्रस्त’ (निसर्गातून नामशेष होण्याची भीती असलेली) हा दर्जा रानात आपोआप वाढणाऱ्या झाडांवरून ठरतो, कुंड्यांतील रोपांवरून नव्हे. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या रुक्ष कड्यांवर उगवणारी, महाराष्ट्राबाहेर निसर्गतः न आढळणारी आणि १८६२ ते १८६७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून ‘फ्रेरिया इंडिका’ असे शास्त्रीय नाव मिळालेली शिंदळमाकुडी हे याचे बोलके उदाहरण होय. उन्हाळ्यात पाने गाळून मांसल खोडातील पाण्यावर तग धरणारी व पावसाळ्यात पिवळ्या डागांची किरमिजी, ताराकृती फुले (आणि किती देखणी ती!) मिरविणारी ही वनस्पती खोडाच्या तुकड्यापासून विनासायास रुजते. मात्र अशी रोपे म्हणजे एकाच दस्तऐवजाच्या नकला. त्या शेकडो काढल्या, तरी दप्तरी अस्सल दस्त एकच राहतो. परागीभवनातून (फुलाफुलांतील परागांच्या देवाणघेवाणीतून) तयार झालेल्या बियांत जे आनुवंशिक वैविध्य उतरते, ते या नकलांत नसते. त्यामुळे चराई, वणवे किंवा कोसळत्या दरडी यांनी कड्यावरची मूळ वस्ती उजाड झाली, तर ती हानी कुंडीतील रोपांनी भरून निघत नाही.