विझत जाणारा उजेड

उस्मानपुऱ्यातल्या संत एकनाथ रंगमंदिरात तिसरी घंटा होते, प्रेक्षागृहातले दिवे मंद होत जातात आणि त्यांच्याबरोबर लोकांची कुजबुजही खाली येते. ही साधी वाटणारी सोय मराठी रंगभूमीला फार उशिरा मिळाली.

1843 साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यानंतरची कित्येक दशकं रंगमंच उजळायचा तो ज्योतीवर. पुढे गॅसबत्त्या आल्या, पण प्रवेश संपला हे सांगायचं काम रंगवलेल्या पडद्याचंच राहिलं. 1933 मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने खरीखुरी वाटेल अशी खोली रंगमंचावर उभी केली. खोली खरी म्हटल्यावर तिथली सकाळ-संध्याकाळही खरी दिसायला हवी!

त्यासाठी उजेड कमी-जास्त करणारा महागडा डिमर परवडत नसे तेव्हा हौशी मंडळी मिठाच्या पाण्यावर काम भागवत. पाण्यात धातूची पट्टी जसजशी खाली सोडावी, तसतसा दिवा उजळे; वर ओढली की मंदावे. उघड्या विजेशी हा खेळ जिवावरचाच होता. 1959 साली कोलकात्यात प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी ‘अंगार’ नाटकात निव्वळ प्रकाशाने कोळशाची खाण पाण्याखाली बुडवून दाखवली. प्रकाशयोजनाकार हाही नाटकाचा एक कर्ता असतो, हे त्यानंतर नाकारणं अवघड झालं.

जाळीच्या पडद्याची गंमत आणखी वेगळी. समोरून तिरका उजेड टाकला की ती भिंत, मागचा दिवा हळूच वाढवला की भिंत विरघळते आणि पलीकडचा माणूस दिसू लागतो. आठवणी, भुतं, साक्षात्कार यांसाठी ही युक्ती आपल्याकडे इतकी वापरली गेली, की जाळी दिसताच पुढचं ओळखू येतं.

आता एलईडीचा जमाना आहे. वीज वाचते, रंग हवे तेवढे. पण जुन्या बल्बची तार निवताना तांबूस होत जाई आणि विझणं आपोआप मऊ होई. एलईडी हुकूम तत्काळ पाळतो; स्वस्त दिवा शेवटच्या टप्प्यात पायऱ्या उतरल्यासारखा गचके खातो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तिथला बारीकसा फरकही जाणवतो. त्यामुळे प्रकाशयोजनाकाराचा खरा कस लागतो तो या शेवटच्या दहाव्या हिश्श्यात.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत कुणाचा तरी मोबाइल उजळला, तर ती सगळी मेहनत वाया जाते. तेव्हा पुढच्या प्रयोगाला तो नुसता सायलेंटवर टाकू नका, बंदच करा.