पुढे कुठलं आणि मागे कुठलं?

मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यात कधी लाटेने उलटा पडलेला तारामासा दिसला, तर मदतीला धावू नका, नुसतं पाहा. आधी एक-दोन हातांची टोकं वळतात. त्यांच्या खालचे नळीसारखे बारीक पाय खडकाला चिकटतात आणि उरलेलं अंग सावकाश दुमडत तो सुलटा होतो. चालतानाही पाचांतला कुठलाही हात पुढारी होऊ शकतो. परत फिरायचं तर वळायला नको; दुसरा हात पुढे निघतो. डोळेही असेच वाटलेले: प्रत्येक हाताच्या टोकाला एक लालसर ठिपका. मेंदू नाही, तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आहे.

खडकाला धरून बसणारं समुद्रफूल किंवा पाण्यात तरंगणारी जेलीफिश यांच्याकडे अन्न आणि संकट कुठूनही येतं. त्यांना गोल अंग सोयीचं. एका दिशेने सरपटणाऱ्या, पोहणाऱ्या प्राण्याचं तसं नाही. नवं जे काही भेटायचं ते आधी त्याच्या पुढच्या टोकाला भेटतं. म्हणून डोळे, मिशा, नाक, तोंड तिथे गोळा झाले आणि मेंदूनेही त्यांच्या शेजारीच बिऱ्हाड केलं. डावी-उजवी बाजू सारखी हवी, कारण एकीकडचा जोर कमी पडला तर प्राणी गोल गोल फिरत राहील. पोटात मात्र हा नियम सैल आहे. आपलं हृदय डावीकडे झुकलेलं, यकृत उजवीकडे. चालण्याला त्याची अडचण नाही.

तारामाशाची खरी गंमत त्याच्या बालपणात आहे. त्याची अळी पोहते आणि तिला चक्क डावी-उजवी बाजू असते. तळाशी स्थिरावताना तिच्या मुख्यतः डाव्या बाजूच्या भागातून पाच हातांचा प्रौढ घडतो. मग त्याचं डोकं गेलं कुठे? 2023 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाचं उत्तर उलटंच निघालं. इतर प्राण्यांत डोक्याची आखणी करणारी जनुकं तारामाशाच्या सगळ्या हातांवर कामाला लागलेली दिसली. धडाची आखणी करणारी बाह्य त्वचेत जवळजवळ कामाला लागलेलीच नव्हती. म्हणजे हरवलं ते धड!

त्याच्याच गोतावळ्यातल्या काही सागरी अर्चिनांनी वाळूत घुसून एका दिशेने सरकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना पुन्हा पुढची आणि मागची बाजू आली. गुदद्वार मागच्या कडेकडे सरकलं. चालीपुढे अंगाला नमावं लागतं, याचा इतका सरळ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

कधी मात्र इंद्रियच समतोल मोडायला लावतं. गव्हाणी घुबडाचं डावं कानाचं भोक उजव्यापेक्षा वर असतं आणि खालच्या दिशेने झुकलेलं. उजवं खाली, पण वरचं ऐकणारं. उंदीर डावीकडे की उजवीकडे, हे दोन्ही कानांवर आवाज पोहोचण्यातल्या सूक्ष्म कालफरकावरून कळतं. वर की खाली, हे कुठल्या कानात आवाज मोठा यावरून. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी दाखवून दिलं, की मिट्ट काळोखातही हे घुबड नुसत्या आवाजावर उंदीर पकडतं. गव्हाणीत हा तिरपेपणा कातडी आणि पिसांपुरताच असतो, कवटी सरळच. उत्तरेकडच्या थंड जंगलांतल्या बोरियल घुबडाची मात्र कवटीच वाकडी.