अरणगावच्या टेकडीवरील चित्रे आणि गाणी

आधुनिक कलेत धर्माला आणि अध्यात्माला काही स्थान उरले आहे काय, या प्रश्नाचा खल मुंबई-पुण्याच्या कलादालनांत आणि परिसंवादांत वारंवार होतो. परंतु ज्याला या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष कलाकृतींच्या रूपाने पाहावयाचे असेल, त्याने नगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याने पाचसहा मैल जावे आणि मौजे अरणगावच्या हद्दीतील मेहेराबादची टेकडी चढावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मेहेरबाबा, म्हणजे मेरवान शेरियार इराणी, यांचा जन्म १८९४ साली पुण्यात एका झरतुष्ट्री कुटुंबात झाला. १९१५ साली ते शिर्डीस गेले असता साईबाबांनी त्यांना ‘परवरदिगार’ अशी हाक मारली, असे त्यांचे भक्त सांगतात. पुढे साकोरीस उपासनी महाराजांच्या सान्निध्यात राहून १९२३ साली ते अरणगावी आले आणि पहिल्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या उरल्यासुरल्या इमारतींच्या आश्रयाने तेथे त्यांचा मुक्काम पडला. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धारण केले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते मोडले नाही. १९५४ पर्यंत अक्षरफलकावर बोट फिरवून आणि त्यानंतर केवळ हाताच्या खुणांनी ते आपला आशय व्यक्त करीत. ज्या पुरुषाने आपली वाणी बंद केली, त्याच्याभोवती चित्रांनी आणि गाण्यांनी एवढी दाटी करावी, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. १९३२ साली ते हॉलिवूडला गेले, तेव्हा तेथील नटनट्यांसमोर त्यांनी चित्रपट हे माणसाच्या उन्नतीचे साधन होऊ शकते, असा विचार मांडला होता. लोकप्रिय कलेला तुच्छ लेखण्याची आपल्याकडील अनेक धर्मपुरुषांची वृत्ती त्यांच्या ठायी मुळीच नव्हती.

टेकडीवरील समाधीची वास्तू अगदी लहान आहे. घुमटाखाली एक चौरस खोली, आणि छपराच्या चार कोपऱ्यांवर मंदिर, मशीद, क्रूस आणि अग्निपात्र अशी चार धर्मांची चिन्हे. सर्वधर्मसमभावाची अशी चिन्हे अन्यत्रही आढळतात, म्हणून त्यांच्यापाशी रेंगाळण्याचे कारण नाही. खरे द्रव्य आत आहे. म्युनिकमध्ये कलाशिक्षण घेतलेली, अभिव्यक्तिवादी संप्रदायात वाढलेली हेलेन डाम ही स्विस चित्रकर्ती १९३८ साली, वयाच्या साठीच्या घरात असताना, आपले घर आणि चित्रशाळा सोडून बाबांच्या आश्रमात राहावयास आली, आणि या खोलीच्या भिंती व घुमटाची आतली बाजू तिने चित्रांनी भरून काढली. नगरची हवा तिच्या प्रकृतीला मानवली नाही. वर्षभरातच आजारी होऊन ती स्वित्झर्लंडला परतली. पुढे १९५४ साली झुरिक शहराचा कलापुरस्कार तिला मिळाला, आणि तो मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. बाबांचा देह त्या खोलीत ठेवला गेला, तो चित्रे झाल्यानंतर एकतीस वर्षांनी.

या चित्रांची जागा नीट लक्षात घेतली पाहिजे. कलादालनात मनुष्य चित्रासमोर उभा राहतो, मागे सरतो, पुन्हा जवळ येतो. येथे मात्र रांगेतून आलेला भाविक उंबरठा ओलांडतो, शिळेवर मस्तक टेकतो, आणि मान वर करताना क्षणभर जे भिंतीवर दिसेल तेवढेच दृष्टीत घेऊन बाहेर पडतो. चित्रे पाहण्यासाठी तेथे कोणी येत नाही, तरीही ती प्रत्येकाच्या दर्शनाचा भाग होतात. युरोपातील नव्या चित्रकलेत मुरलेला एक हात अशा कामासाठी राबावा, आणि त्यात त्याची हानी न होता त्याला सार्थकता लाभावी, हे मला आजच्या कलेच्या दृष्टीने फार मोलाचे वाटते.

संगीताची कथा याहून दूरवर पोचलेली आहे. ‘द हू’ या इंग्रजी वाद्यवृंदाचा पीट टाउनशेंड बाबांचा अनुयायी झाला तो बाबांच्या हयातीतच. परंतु त्यांची भेट त्याला कधीच घडली नाही. १९६९ च्या ‘टॉमी’ या संगीतकृतीचा नायक आंधळा, मुका आणि बहिरा मुलगा आहे, आणि तिच्या वेष्टनावर बाबांचे नाव आहे. १९७१ च्या ‘बाबा ओरायली’ या गीताच्या नावात मेहेरबाबांशेजारी टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार आहे, जो स्वतः किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य होता. म्हणजे ज्या घराण्याची गायकी अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत रुजवली, त्याच घराण्याचा एक दूरचा धागा लंडनच्या विजेरी वाद्यांत जाऊन मिसळला. १९७२ साली टाउनशेंड मेहेराबादेस येऊन गेला, आणि त्याच वर्षीच्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेत बाबांनी १९५३ साली दिलेल्या प्रार्थनेवरून रचलेले गीत आहे. त्याचे नाव ‘परवरदिगार’.

बॉबी मॅकफेरिनचे ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे १९८८ चे गीत तर नगरच्या रिक्षावाल्यांनाही ठाऊक असेल. बाबांच्या चित्रासह हे शब्द छापलेले एक भित्तिपत्रक पाहून मॅकफेरिनला ते सुचले, आणि कोणतेही वाद्य न घेता त्याने ते केवळ स्वतःच्या कंठातून उभे केले. कसब अपूर्व आहे यात शंका नाही. परंतु बाबांच्या उपदेशात चिंता सोडण्यापूर्वी आपले सर्वस्व पणाला लावून प्रयत्न करण्याची अट आहे, आणि ती अट गाण्यातून गळली. अध्यात्म बाजारात गेले म्हणजे ओझे तेवढे खाली ठेवले जाते आणि गोडवा पुढे जातो, याचे मला मनापासून दुःख वाटते.

मेहेराबादेत मात्र भक्तीची आणि लोकप्रिय गाण्यांची सरमिसळ अजून जिवंत आहे. १९६९ साली समाधीच्या वेळी, बाबांच्या इच्छेनुसार, कोल पोर्टरचे ‘बिगिन द बिगीन’ हे नृत्यगीत वाजवले गेले होते. आजही सकाळ-संध्याकाळच्या आरतीनंतर एखादा नगरकडचा भजनी मराठी पद म्हणतो आणि त्याच्यामागून एखादा परदेशी पाहुणा गिटार पुढे ओढतो. त्यांपैकी कोणाला कोणी परका मानीत नाही. हेलेन डामच्या बाबतीत आपण तेवढे औदार्य दाखवलेले नाही. अजिंठ्यापासून मेणवलीच्या वाड्यापर्यंत महाराष्ट्रातील भित्तिचित्रांचा जो इतिहास आपण अभिमानाने सांगतो, त्याच्या दप्तरात अरणगावच्या या खोलीची नोंद झाली पाहिजे. चित्रकर्ती परदेशी होती आणि वर्षभरातच परत गेली, ही सबब ती नोंद टाळण्यास पुरेशी नाही.